एकोणीस टक्के

कोर्ट नाक्याला माझं टेबल आहे. एक पाय आखूड,
खाली फरशीचा तुकडा.
पानाला चाळीस रुपये.
भाडेकरार, नावात बदल, हरवलेली गुणपत्रिका.
लोक बोलतात, मी समास सोडून टाइप करते.

मंगळवारी विटाव्याहून हवालदार सुदाम ढेबे आले,
साडीच्या दुकानाच्या पिशवीत अख्खी नोकरी घेऊन.
बोर्डाचा कागद सगळ्यात वर:
दोन्ही कानांचा बहिरेपणा, एकोणीस टक्के, कायमचा.
सैनिकी सेवेमुळे झालेला नाही.
सेवेमुळे वाढलेलाही नाही.
पेन्शन विसापासून सुरू होते.

युनिट कोणती, मी विचारलं.
ते हसले. प्रश्न पोचलाच नव्हता.
मग मी ओरडले.
स्टॅम्पवाला वळला, चरकावरचा पोरगा वळला,
घटस्फोटाला आलेली दोघं, दोन बाकांवरची,
तीही एकाच वेळी वळली.

किती वर्षं?
सतरा.
तोफेपासून किती लांब?
लांब कसली बाई, हात तिच्यावरच.
कानात काय घालायचात?
कापूस. तो संपला की बोटं.
हातात गोळा असला की काहीच नाही.

भरतीच्या वेळी कान तपासले होते?
इथं ते खुर्चीत ताठ झाले.
कोल्हापूरला. मी भिंतीकडं तोंड करून,
डॉक्टर मागं, वीस फुटांवर,
नुसत्या श्वासानं बोलला: उनसठ.
हिंदी आकडे मला कुठले यायला!
ऐकू आलं, कळलं नाही.
जसंच्या तसं परत दिलं: उनसठ, सर.
पास.
आता उलटं झालंय.

मी टाइप केलं:
भरतीसमयी श्रवणशक्ती निर्दोष असल्याची नोंद आहे.

वागळे इस्टेटच्या गेटवर
टेम्पोचा हॉर्न ऐकला नाही, म्हणून मार्चपासून घरी.
हे लिहू का, त्यांनी विचारलं.
म्हटलं, हे त्यांच्या रकान्यात बसत नाही.

मग म्हणाले, एक मात्र लिहा.
आवाज मला आवडायचा.
देवळालीच्या माळावर पहिला गोळा सुटला
की पोटातून काहीतरी जायचं,
गावाकडच्या कुणाला सांगून पटलं नसतं.
मी म्हटलं, असं लिहिलं तर म्हणतील हौसेनं घालवले कान.
ते म्हणाले, खरं आहे ते.
मी ती ओळ टाइप केली.
ते चष्मा पुसत होते तेवढ्यात काढून टाकली.

एक टक्का म्हणजे नेमका किती?
रात्री फोडणी टाकताना मनात आलं,
तेलात तडतडणारा मोहरीचा पहिला दाणा,
की दुसरा?

अपील वाचून दाखवल्याशिवाय मी सही घेत नाही.
उजव्या कानाशी वाकले, तो त्यातल्या त्यात बरा,
आणि मोठा श्वास घेतला.
त्यांनी तोंड उघडलं.
वाटलं, काही सांगायचंय.
तसं काही नव्हतं. चारही पानं संपेपर्यंत
ते तोंड उघडं ठेवूनच बसले.
तोफ सुटताना असंच बसायचं, मागून म्हणाले,
नाहीतर पडदा फाटतो.

सही करताना आधी नंबर लिहिला, सगळा, न अडखळता.
नाव त्याच्यामागून, जागा उरली तेवढ्यात.
एकशेसाठ रुपये मोजून ठेवले,
वर चरकावरून एक ग्लास, बर्फ नको असं बजावून:
तुमचा घसा गेला.

गेलाच होता.
उत्तर यायला किती दिवस, त्यांनी विचारलं,
नाका ऐकेल इतक्या मोठ्यानं.
मी जेमतेम ओठ हलवले: सहा महिने.
त्यांनी ओठांकडं नीट पाहिलं, पाय जुळवले.
दहा, म्हणाले.
मी दुरुस्त केलं नाही.
बहुधा तेच बरोबर होतं.